खालचा खण

घर घेतलं तेव्हा हप्ता फेडून उरायचं
ते दोघांचं जेवण आणि स्कूटरचं पेट्रोल.
विश्रामबागेतल्या शोरूमच्या काचेतून
सोफे आमच्याकडे बघायचे,
आम्ही सिग्नलकडे.

मग भरतनं तासगावच्या एका शेडमधून
द्राक्षांची जुनी लाकडी खोकी आणली.
सहा खोकी, एकावर एक : पुस्तकं लागली.
मार्केट यार्डातल्या पाडलेल्या वखारीची फळी
जेवणाचं टेबल झाली.
तीनदा रंधा मारला तरी तिची हळद जाईना.
अजून दमट हवेत कोपर टेकला
की बाही पिवळी होते,
घरात रोजच कुणाचं तरी लग्न.

शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर बेसिन बसवलं.
दात घासताना भरत पायटा हलवत राहतो.
काही शिवलं जात नाही.
वाण्याकडचं पाच किलोचं वजन
आता नुसतं दार अडवतं.
आयुष्यभर खरं तोललं की खोटं,
आम्ही विचारलं नाही.

सासूबाई म्हणाल्या,
लोकांनी टाकलेलं घरात भरताय,
कुणाकुणाचं काय बघितलं असेल त्यानं.

कपाट सगळ्यात शेवटी आलं.
पूर ओसरून दीड वर्ष झालं होतं,
भंगारवाल्याच्या पत्र्यामागं उभं होतं,
सागवानी, फुगलेलं, दारं न मिटणारं,
वरच्या कडेला गाळाची सरळ रेघ.
मिरजेचे दस्तगीर मिस्त्री त्यावर हात फिरवून म्हणाले,
लाकूड लई पाणी प्यालंय, ताई.
एक उन्हाळा जाऊ द्या, मग बोलू.
उन्हाळा गेला. मग बोलले.
हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गुलाबी,
गुलाबीखाली एकदम झाड.
आतून घासलं नाही,
पैसे बाहेरचेच ठरले होते.
खालचा खण मात्र हलेना.
साबण लावला, मेणबत्ती घासली,
मिस्त्रींनी शेवटी हात झटकले :
असू द्या, घरात एक तरी हट्टी पाहिजे.

गेल्या महिन्यात भिशी आमच्याकडे.
पद्मल आरवाडे गटात नवीन.
भडंगाची बशी हातात घेऊन घर बघत होती
ती कपाटापाशी थांबली.
न विचारता डावं दार उघडलं.
आत पेन्सिलीच्या रेघा, लांब-आखूड,
मला वाटायचं, सुताराची मापं.

दुधाच्या आहेत, ती म्हणाली.
लांब म्हणजे लिटर, आखूड म्हणजे अर्धा.
नागपंचमीच्या आदल्या दिवसापर्यंत आहेत बघ.
त्या महिन्याचे पैसे द्यायचे राहिले.
तो तरी परत कुठं दिसला.

मी म्हणाले, घेऊन जा की.
तसं म्हणायचं असतं म्हणून नाही,
खरंच म्हणाले.
ती हसली. ठेवू कुठं?
आता दुसरा मजला. भिंतीतली कपाटं,
त्यांना पायच नाहीत.

मग विचारलं, खालचा खण उघडतो का गं?
नाही म्हटल्यावर बशी माझ्या हातात दिली,
साडी थोडी वर घेतली, गुडघा टेकला.
ओढायचं नाही त्याला.
आधी गुडघ्यानं वर उचल,
मग येतो आपला आपण.

आला.

आत काही नव्हतं.
तळाला गाळाची पातळ, वाळकी पोळी,
नखानं निघाली असती.
तिनं काढली नाही. मीही नाही.
खण होता तसा लावला,
आणखी मूठभर भडंग घेतले,
आणि चिठ्ठ्या टाकायला बसली.

आता त्यात लाइटची बिलं, उरलेले स्क्रू,
रंगानं कडक झालेला एक ब्रश.
काल सासूबाई खणाशी झटत होत्या,
मी ओट्यावरूनच ओरडले,
ओढू नका, गुडघा लावा!
त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.
माझा कुठला लागतोय आता, म्हणाल्या,
ये, तूच उघड.